व्याज येते कोठून?

जवळचे आभासी चलन दुसऱ्याच्या स्वाधीन करावे आणि घरबसल्या त्यावर व्याज घ्यावे, या व्यवहाराचा प्रचार गेल्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईपासून नांदेड-कोल्हापूरपर्यंत झाला. बिटकॉइन व तत्सम चलनांचे भाव वरखाली होतात, त्यांची खरेदी-विक्री हा सट्टा आहे, हे आता पुष्कळांना पटलेले आहे. परंतु ‘व्याज’ हा शब्द उच्चारला की सावध माणूसही निःशंक होतो. सट्ट्यात पैसा जातो, ठेवीवर व्याज मिळते, ही शेतकऱ्याची आणि मध्यमवर्गाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. या समजुतीचाच लाभ घेऊन सट्ट्याला ठेवीचा पोशाख चढविला गेला. म्हणून या प्रश्नाची चर्चा संगणकाच्या तंत्रापासून सुरू करून भागणार नाही. ती अर्थशास्त्रातील एका जुन्या आणि साध्या प्रश्नापासूनच सुरू केली पाहिजे : व्याज येते कोठून, आणि ते देतो कोण?

जमीन गेली, व्याज उरले

भरेसारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. भरे हे मुळशी तालुक्याच्या पिरंगुट-घोटवडे परिसरातील गाव. याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता, तो जमीन जाऊ नये म्हणून. सत्याग्रह मोडला गेला. मुंबईला वीज मिळाली आणि मुळशी खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली. त्यानंतर सुमारे सात दशकांनी या तालुक्यातील जमीन पुन्हा मोठ्या प्रमाणावर हातची जाऊ लागली. हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली, पिरंगुट भागात कारखाने आले, डोंगरउतारांवर बंगल्यांच्या वसाहती झाल्या. आंबेमोहोर पिकविणारी खाचरे गुंठ्याच्या भावाने विकली गेली.

जमीन विकणाऱ्या कुटुंबाच्या हाती एकरकमी पैसा येतो, हे सर्वांना दिसते. त्याच दिवशी त्याच्या हातून उत्पादनाचे साधन कायमचे जाते, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. उदाहरणादाखल एखाद्या कुटुंबाला सर्व देणी भागवून ५० लाख रुपये उरले, असे धरू. बँकेने ७ टक्के व्याज दिले तर वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला सुमारे २९ हजार रुपये होतात. त्यातच घर चालवावयाचे, मुलांची शिक्षणे व लग्ने करावयाची आणि महागाईने दरवर्षी मुद्दलाचे जे मोल घटते तेही सोसावयाचे. अशा घरात कोणी नातलग येऊन ‘महिन्याला १० टक्के’ म्हणाला, तर त्याच रकमेवर महिन्याला पाच लाख, असा हिशोब कागदावर मांडला जातो. या मोहाला केवळ ‘लोभ’ म्हणून हिणविणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. ज्याचे शेत गेले आणि ज्याच्या मुलाला शेजारच्या कारखान्यात कंत्राटी कामापलीकडे काही मिळाले नाही, त्याला व्याजावर जगणे हा एकच व्यवसाय समाजाने शिल्लक ठेवला आहे. ज्याचा व्यवसायच व्याज आहे, तो अधिक व्याज शोधणारच.

गेनबिटकॉइनचा धडा

पुणे परिसराला या व्यवहाराची ओळख ज्या प्रकरणामुळे झाली, ते गेनबिटकॉइनचे. अमित भारद्वाज व त्याच्या साथीदारांनी ही योजना २०१५ मध्ये सुरू केली. लोकांनी बाहेरच्या बाजारातून बिटकॉइन विकत घ्यावयाचे, ते योजनेच्या स्वाधीन करावयाचे आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. या बिटकॉइनच्या आधारे संगणकांवर नवे बिटकॉइन ‘खणले’ जातात आणि त्यातून परतावा दिला जातो, असे सांगण्यात येई. नवा सभासद आणणाऱ्यास दलाली मिळे; त्यामुळे प्रचारक बाहेरून पाठविण्याची गरजच नव्हती. मेहुणा, मावसभाऊ, कचेरीतील सहकारी हेच प्रचारक झाले.

आरंभी परतावा मिळाला. २०१७ मध्ये नव्या ठेवींचा ओघ आटला, तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे योजनेचेच घरगुती नाणे लोकांच्या माथी मारण्यात आले. त्याला बाजारात बिटकॉइनच्या मानाने अगदीच अल्प किंमत होती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. खटल्यांचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. एकट्या २०१७ च्या भावाने ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केले गेले, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातील हे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने पुणे, नांदेड, कोल्हापूर यांसह देशातील साठांहून अधिक ठिकाणी छापे घातले. योजना सुरू झाल्यापासून तोवर दहा वर्षे लोटली होती.

या योजनेचा फोलपणा ओळखण्यास गुप्त माहितीची गरज नव्हती. त्रैराशिक पुरेसे होते. जुलै २०१६ पासून पुढील चार वर्षे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे १,८०० नवे बिटकॉइन निर्माण होत असत, म्हणजे महिन्याला सुमारे ५४ हजार. हे प्रमाण त्या चलनाच्या नियमांनीच बांधलेले आहे. कोणी कितीही यंत्रे लावली तरी ते वाढत नाही. आता एखाद्या योजनेकडे एक लाख बिटकॉइन जमले आणि तिने महिन्याला १० टक्के द्यावयाचे ठरविले, तर तिला दरमहा १० हजार बिटकॉइन लागतील. म्हणजे साऱ्या जगाच्या उत्पादनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकाच योजनेने मिळवावयास हवा, आणि तोही विजेचा व यंत्रांचा खर्च न धरता. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पोहऱ्यात जे आले ते मागाहून येणाऱ्या ठेवीदाराचे मुद्दल होते.

तीन झरे, तिन्ही कोरडे

गेनबिटकॉइन ही उघड फसवणूक होती, प्रामाणिकपणे चालविलेला असा व्यवहार मात्र चालू शकेल, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

विकास सोसायटी शेतकऱ्याला खता-बियाण्यासाठी कर्ज देते. शेतकरी राबतो, पीक येते, त्या वाढीव उत्पन्नातून व्याज दिले जाते. बँक कारखान्याला कर्ज देते. कामगाराच्या श्रमातून जे वाढीव मूल्य निर्माण होते त्याचा एक अंश व्याजाच्या रूपाने ठेवीदाराकडे येतो. या वाटणीत अन्याय असतो आणि त्याविरुद्धचा लढा हा समाजवादी चळवळीचा गाभाच आहे. पण वाटून घेण्यासारखे काही तरी तेथे निर्माण झालेले असते. बिटकॉइनने ना बियाणे विकत घेतले जाते, ना यंत्र चालते. मग त्याच्या कर्जाचे व्याज कोठून येणार? त्याचे तीनच मार्ग संभवतात.

पहिला मार्ग सट्टेवाल्याचा. भाव उतरणार अशी ज्याची अटकळ आहे, तो मंदीवाला नाणे उसने घेऊन विकतो. भाव चढणार असे ज्याला वाटते, तो तेजीवाला उसन्या पैशावर खरेदी करतो. दोघेही उसनवारीचे भाडे देतात. मुंबईच्या शेअर बाजाराला हा प्रकार नवा नाही. तेथे त्याला ‘बदला’ म्हणत, आणि मंदीवाल्याने शेअरच्या उसनवारीसाठी द्यावयाच्या आकाराला ‘उंधा बदला’. सट्ट्याला खतपाणी घालणारी ही पद्धत २००१ मध्ये बंद करावी लागली. दारातून घालविलेला तोच बदला खिडकीतून परत आला आहे. फरक एवढाच की बदल्यात पैसा लावणारा दलाल स्ट्रीटवरचा मुरलेला शेटजी होता आणि आता त्याच्या जागी निवृत्तिवेतनदार, संगणक कामगार आणि जमीन विकलेला शेतकरी यांना बसविण्यात आले आहे.

दुसरा मार्ग स्वतःच छापलेल्या नाण्याचा. व्याज म्हणून दिले जाते ते व्याज देणाऱ्यानेच निर्माण केलेले चलन. टेरा नावाच्या चलनव्यवस्थेत, डॉलरशी जखडलेले म्हणविणाऱ्या नाण्यावर वर्षाला सुमारे २० टक्के व्याज दिले जाई. मे २०२२ मध्ये ती जखड तुटली आणि काही दिवसांत सुमारे ४० अब्ज डॉलरची कागदोपत्री संपत्ती नाहीशी झाली. तिसरा मार्ग नव्या ठेवीदाराच्या मुद्दलाचा. त्याची कथा वर आलीच आहे. व्यवहारात हे तीन मार्ग वेगळे राहत नाहीत. पहिला आटला की चालक दुसऱ्याकडे वळतो आणि दुसरा आटला की तिसऱ्याकडे.

अमेरिकेतील सेल्सियस या कंपनीचा इतिहास याची साक्ष देतो. बँका ठेवीदाराला तुटपुंजे व्याज देऊन नफा स्वतः लाटतात, ही तिच्या प्रचाराची मध्यवर्ती तक्रार होती. तक्रार खोटी नव्हती. म्हणूनच ती परिणामकारक ठरली. १७ टक्क्यांपर्यंत व्याजाची ग्वाही देणाऱ्या या कंपनीने १२ जून २०२२ रोजी पैसे काढणे बंद केले आणि महिन्याभरात दिवाळखोरी पुकारली. तिच्या व्याजी खात्यांची संख्या सुमारे सहा लाख होती आणि त्यांत ४२० कोटी डॉलर अडकले होते. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या आणि भारतीयांच्याही ठेवी घेणाऱ्या वॉल्ड या कंपनीने त्याच जुलैत व्यवहार थांबविले. सेल्सियसच्या संस्थापकाला मे २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. पण ठेवीदारांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निर्णय जानेवारी २०२३ मध्येच लागला होता. व्याजी खात्यांतील चलनाची मालकी ठेवीदारांची नसून कंपनीची आहे, असे न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने ठरविले. कारण ठेवीदारांनी मान्य केलेल्या अटींतच तसे लिहिलेले होते. आपले नाणे आपण केवळ ठेवावयास दिले, अशी ज्याची समजूत होती, त्याने ते वस्तुतः विनातारण कर्ज म्हणून देऊन टाकले होते.

सुप्याहून उलटा प्रकार

पुणे जिल्ह्याला व्याजाचा इतिहास शिकविण्याचे कारण नाही. मे १८७५ मध्ये याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला आणि सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. तेव्हा शेतकरी ऋणको होता आणि सावकार धनको. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक ऋणकोच्या रक्षणासाठी होता.

आज त्याच शेतकऱ्याच्या नातवाला धनकोच्या गादीवर बसविण्यात आले आहे आणि तरीही लुटला जातो तोच. सुप्याच्या शेतकऱ्याला निदान सावकाराचे घर ठाऊक होते आणि जाळण्यासाठी एक कागद अस्तित्वात होता. आजच्या धनकोला आपल्या ऋणकोचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, देशही ठाऊक नाही. हाती रोखा नाही, तारण नाही. गावच्या भिशीतसुद्धा या महिन्याची उचल कोणी घेतली हे सर्वांना माहीत असते आणि त्याने ती बुडविली तर कोणाच्या दारात बसावयाचे हेही ठाऊक असते. ज्या व्यवहारात धनकोला ऋणको दिसत नाही, तो व्यवहार कर्जाचा नव्हेच. दर १० टक्के असो वा २, महिन्याचा असो वा वर्षाचा, ऋणकोचे नाव कळत नाही तोवर त्या रकमेला व्याज म्हणणे हीच पहिली फसवणूक होय.

सरकारचा दुटप्पीपणा

या बाबतीत शासनाचे वर्तन दुटप्पी आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च २०२० मध्ये रद्द केला. त्यानंतर संसदेने या व्यवहारांसाठी स्वतंत्र कायदा करणे क्रमप्राप्त होते. तो आजवर झालेला नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून या चलनांच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याची मुभाही नाही. २०२३ मध्ये हे व्यवहार काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले. म्हणजे नफ्यात शासनाचा वाटा निश्चित झाला, शासनाला हवी ती माहितीही मिळू लागली. ठेवीदाराच्या संरक्षणाचे तेवढे राहून गेले.

संरक्षण आपोआप मिळत नसते, हे बँकांच्या इतिहासावरूनही दिसते. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कोठे १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्याची मर्यादा तेव्हा १,५०० रुपये होती. आज ती ५ लाख आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. सहकाराच्या नावावर चाललेल्या गैरकारभाराचे समर्थन कोणीही करू नये. ज्यांच्या मोठ्या रकमा अडकल्या त्या वृद्धांचे हाल लहान नाहीत. तरीही ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला कायद्याचा आधार होता. आभासी चलनाच्या ठेवीदाराला पाच रुपयांचाही नाही.

तपासाची कहाणीही उद्‌बोधक आहे. गेनबिटकॉइनच्या तपासात पुणे पोलिसांनी ज्या दोन तज्ज्ञांचे साहाय्य घेतले होते, त्यांनाच मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी अटक केली. त्यांत एक माजी आयपीएस अधिकारी होता. तपासातील आभासी चलन स्वतःकडे वळविल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. आरोपाचा निर्णय न्यायालय करील. पण लोकांची मालमत्ता हाताळण्यासाठी शासनाला स्वतःची यंत्रणा उभारता आली नव्हती आणि ती खासगी माणसांवर सोपवावी लागली, ही गोष्ट निर्णयाची वाट न पाहता लाजिरवाणी ठरते.

मागणी काय करावयाची

ज्याने लोभ केला त्याने भोगावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सर्वांवर सरसकट बंदी घाला, असे म्हणणारेही आहेत. पहिली भूमिका निर्दय आहे आणि दुसरी अपुरी. कारण एका योजनेवर बंदी आली की उद्या सोने, परवा शेळ्या, तेरवा परकी चलन, असा तोच खेळ नव्या नावाने उभा राहतो. मुळात बदलली पाहिजे ती ठेवीदाराची कायदेशीर स्थिती आणि त्याची आर्थिक निकड.

कायद्यापुरते बोलावयाचे, तर महाराष्ट्राच्या हाती एक साधन आहे. राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्यात ‘ठेव’ या संज्ञेत केवळ पैसा नव्हे, तर मौल्यवान वस्तूचा स्वीकारही येतो. केंद्राच्या २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यातील व्याख्या मात्र ‘पैसा’ या शब्दाभोवती बांधलेली आहे आणि तिच्यातून सुटण्यास वकिलांना वाव आहे. आभासी चलन ही मालमत्ता आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. तेव्हा व्याजाच्या आश्वासनावर घेतलेले आभासी चलन ही ठेवच होय, असे केंद्राच्या कायद्यात स्पष्ट लिहून घेतले पाहिजे. ग्राहकाचे चलन हे विश्वस्त म्हणून सांभाळलेले मानले जाईल, कोणत्याही अटीत लपवून मालकी काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली पाहिजे. आणि जप्त चलनाचा ताबा सार्वजनिक, लेखापरीक्षित यंत्रणेकडेच राहिला पाहिजे.

आर्थिक निकडीचा प्रश्न याहून मोठा आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांपैकीच एक. लोकांची बचत लोकांच्या उत्पादनाला लागावी, हा त्यामागचा उद्देश सांगितला जात होता. मुळशीतील जमीन विकून आलेला पैसा मुळशीतील तरुणांच्या हाताला काम देणाऱ्या उद्योगात, दूधसंघात, भातगिरणीत, शेतकऱ्यांच्या सहकारी वाहतुकीत गुंतू शकत नसेल, तर तो सट्ट्याकडे जाईल यात नवल नाही. जमीन गमावलेल्या कुटुंबांसाठी महागाईच्या दराशी जोडलेली, शासनाने हमी दिलेली दीर्घ मुदतीची ठेव सार्वजनिक बँकांतून उपलब्ध करून देणे अशक्य नाही. ती मागणी तालुक्यातालुक्यातून उठली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे काम पुष्कळ आहे. भरे, घोटवडे, पिरंगुट यांसारख्या गावांतील ग्रामसभा, सोसायटीच्या सभा, बचतगट आणि कारखान्यांची फाटके येथे तीन प्रश्न पोहोचविले पाहिजेत. हे व्याज देणारा ऋणको कोण आणि तो या कर्जाने काय पिकवितो वा काय घडवितो? त्याने तारण काय दिले आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे? आणि पैसा बुडाला तर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कचेरीत दाद मागावयाची? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर दर कितीही असो, त्या दारातून परत फिरावे. जे आधीच फसले आहेत, त्यांना लाजेच्या ओझ्यातून बाहेर काढून एकत्र आणणे हे दुसरे काम. एकटादुकटा ठेवीदार नातलगाचे नाव पुढे येईल म्हणून तक्रारच करीत नाही आणि या मौनावरच नव्या योजना उभ्या राहतात. शंभर ठेवीदार एकत्र आले, तर जिल्हाधिकारी कचेरीला त्यांची दखल घ्यावी लागते.

सुप्याच्या शेतकऱ्यांचा उठाव मोडला गेला, पण कायदा करून घेतल्यावाचून तो शांत झाला नाही. व्याजाच्या नावाखाली चाललेल्या या नव्या लुटीलाही कायद्याची वेसण घालावी लागेल, आणि ती घालण्याइतके बळ फसलेल्यांच्या व श्रमिकांच्या संघटनेतूनच येईल.